गॅरेजवाल्यांनो, दिव्याचा कोड बिलावर लिहून द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, जागा नसेल तर कुठलाही भाग कापा पण डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागला की गाडीचा कॉम्प्युटर जो कोड देतो, तो बिलावर लिहून द्यावा हा खालचा भाग तेवढा ठेवा ही विनंती. मी काय गाडीतला तज्ज्ञ नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं जॉबर म्हणून माग दुरुस्त करत होतो, आता घरी असतो, भाजी आणतो, नातवाला शाळेत सोडतो. गाडी २०१९ ची आहे, पोराच्या हट्टानं वरचं मॉडेल घेतलं, त्यात एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारं) पण आहे आणि ते ट्रॅक्शन कंट्रोल (घसरून नुसतं फिरणारं चाक धरणारं) पण आहे, म्हणजे ते गाडीच्या चित्राखाली दोन वाकड्या रेषा असलेलं चिन्ह. घेतली तेव्हा त्याचा उपयोग काय ते शोरूमवाल्याला पण नीट सांगता आलं नव्हतं आणि मी पण विचारलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या ऑगस्टमध्ये पुढच्या डाव्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागला, साठच्या पुढं गेलं की वाढायचा. बेअरिंग गेलं हे मला आवाजावरनंच कळलं, मागाचं बेअरिंग पण असंच रडतं. घराजवळच्या गॅरेजमध्ये टाकली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेअरिंग बदलून गाडी मिळाली, आवाज बंद. गल्लीतनं बाहेर पडून मेन रोडला लागेपर्यंत डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे लागले, एक एबीएस आणि एक त्या वाकड्या रेषांचा. तसाच परत फिरलो, फिटर म्हणाला "काका, सेन्सरवर धूळ बसली असंल, हायवेला पळवा जरा, आपोआप जाईल." मी पळवली. गेले नाहीत. ब्रेक तर लागत होता, गाडी तर चालत होती, मग राहिलं ते राहिलंच. चार महिने. रोज किल्ली फिरवली की ते दोन पिवळे डोळे माझ्याकडं बघायचे आणि मी त्यांच्याकडं बघायचो, सवय झाली की ओ.

डिसेंबरमध्ये पुण्याहून येत होतो, मी आणि घरची दोघंच, रात्रीचे साडेनऊ झाले असतील. मोहोळ सोडलं होतं, लांबोटीला थांबून चिवडा घ्यायचा असं ठरलेलं. आपल्या जिल्ह्यात कारखाने सुरू झाले की रस्त्यावर काय असतं ते सांगायला नको, उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक दोन जोडलेल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, वरनं ऊस बाहेर लोंबतोय. समोरच्या ट्रकनं लेन बदलली आणि त्याच्या पुढं डायरेक्ट ट्रॉली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. आता ज्यांनी कधी एबीएसच्या गाडीत जोरात ब्रेक मारलाय त्यांना माहिती असेल, पायाखाली पेडल धडधड धडधड करतं, कुणीतरी खालनं ठोकल्यासारखं. तसलं काहीच झालं नाही. टायर किंचाळले, चाकं जाम झाली, मी स्टिअरिंग उजवीकडं वळवलं तर गाडी सरळच चाललीय, स्टिअरिंग जसं काय कशाला जोडलेलंच नाही. ट्रॉलीतला ऊस बॉनेटवर येईल एवढ्या अंतरावर थांबली. घरची काही बोलली नाही, नुसता दाराचा हँडल धरून बसली होती, तो हात तिनं पाकणीपर्यंत सोडला नाही. चिवडा राहिला.

तेव्हा मला एबीएस म्हणजे काय ते कळलं. लोकांना वाटतं त्यानं गाडी लवकर थांबते. तसं काय नाही, खडी किंवा भुसभुशीत मातीवर तर एबीएसवाली गाडी उलट थोडी लांब जाऊन थांबते. त्याचं खरं काम चाक जाम होऊ न देणं, कारण जाम झालेलं चाक नुसतं घसरतं आणि घसरणाऱ्या चाकाला तुम्ही डावीकडं वळवा नाहीतर उजवीकडं, त्याला काही फरक पडत नाही. फिरणारं चाकच वळतं. ब्रेक मारता मारता ट्रॉलीच्या बाजूनं काढता यावी म्हणून ते यंत्र. ते बंद आहे असं गाडी मला चार महिने रोज सांगत होती आणि मी चिवड्याचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गंमत. होटगी रोडला वळताना तांबडा दिवा लुकलुकला, तो गोलात उद्गारचिन्हाचा. सरळ झालो की बंद, वळलो की चालू. मला वाटलं झालं, आता सगळंच गेलं. पण हे दोन वेगळे आजार निघाले आणि इथंच बरीच माणसं फसतात म्हणून नीट लिहितो. तांबडा दिवा म्हणजे खुद्द ब्रेकचा प्रश्न, पिवळा म्हणजे ब्रेकवर देखरेख करणाऱ्याचा. तांबडा लागला की पहिल्यांदा हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघायचं, कधीकधी एक खाचा वर राहतो नाहीतर त्याचा स्विच अडकतो. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघायची, ती पांढरी प्लास्टिकची, त्यावर मिनिमम मॅक्झिमम लिहिलेलं असतं. माझं ऑइल बरोब्बर खालच्या रेषेवर होतं, त्यामुळं वळताना बाटलीत ऑइल एका बाजूला सरकायचं, आतला तरंगणारा फ्लोट खाली बसायचा आणि दिवा लागायचा. इतकं साधं.

ऑइल कमी झालं म्हणून लगेच ओतायचं नाही. हे मला शेजारच्या एका रिटायर एसटी मेकॅनिकनं सांगितलं, मी बाटली आणायला निघालोच होतो. पॅड, म्हणजे चाकाच्या डिस्कला घासून गाडी थांबवणारे तुकडे, झिजले की ते दाबणारा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि ती जागा भरायला ऑइल खाली जातं, म्हणजे ऑइल कमी म्हणजे बहुतेक वेळा पॅड संपत आले. तसंच भरून ठेवलं तर पॅड नवीन टाकताना पिस्टन मागं ढकलला की ऑइल उतू जातं आणि ब्रेक ऑइल जिथं सांडतं तिथला रंग खातं. आणि पॅड चांगले असून ऑइल कमी असेल तर मग कुठंतरी गळतंय, चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओलसर आहे का बघायचं, पेडल स्पंजसारखं मऊ लागत असेल किंवा खाली जात असेल तर गाडी जिथं आहे तिथं उभी करायची आणि टो करून न्यायची, हळूहळू चालवत नेतो वगैरे नको. माझे पॅड खरंच संपले होते, दोन मिलीमीटर पण राहिले नसतील. बदलले, ऑइल पण सगळं नवीन टाकलं, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मुरलं की त्याचा उकळायचा आकडा खाली येतो. डॉट ४ जातीचं ब्रेक ऑइल नवीन असताना निदान २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलेलं १५५ ला पण उकळू शकतं. आपल्याकडं मे महिन्यात त्रेचाळीस चव्वेचाळीस तर नुसती हवाच असते, त्यात तुळजापूरचा घाट उतरताना कुणी ब्रेकवर पाय ठेवूनच आला तर ऑइल उकळून ब्रेकच लागायचा नाही, बघा. दोन वर्षांनी बदला म्हणतात ते उगीच नाही.

तांबडा गेला. पिवळे दोन्ही तसेच.

आता खरी कहाणी. पॅड बदलणाऱ्यानं सांगितलं सेन्सर गेलाय. पुढचा डावा सेन्सर, म्हणजे चाकाचा वेग मोजणारा, बदलला, २,८०० रुपये. त्यानं लॅपटॉपसारखं काहीतरी लावून दिवा घालवला, मी खूश, पैसे दिले, गाडी बाहेर काढली, शंभर दीडशे फुटावर दोन्ही दिवे परत हजर. परत गेलो तर म्हणाला मग मॉड्यूल (एबीएसचा पंप आणि कॉम्प्युटर असलेला डबा) असेल, आमच्याकडं होत नाही. मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली, एसी केबिन, कॉफी, सगळं. त्यांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि ४२,००० रुपयांचं कोटेशन हातात दिलं, एबीएस मॉड्यूल बदलावं लागेल, पार्ट नॉन रिटर्नेबल. मी विचारलं कशावरनं मॉड्यूल, कोड काय आला, तर समोरचा पोरगा म्हणाला "सर, ते टेक्निकल असतं." मी अठ्ठावीस वर्षं टेक्निकलच करत होतो बाबा. कोटेशनची घडी करून खिशात ठेवली आणि गाडी घेऊन आलो.

शेवटी अशोक चौकाच्या बाजूला एक वायरिंगवाला आहे, छोटी टपरीच म्हणा, त्याच्याकडं गेलो. त्यानं गाडीला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला. "मामा, दिवा लागायच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं?"

संपादक महोदय, मला लाज वाटली. हा जॉबरचा पहिला प्रश्न आहे. माग कापड खराब काढायला लागला की आम्ही आधी विणकराला विचारायचो, काल काय बदललं? बीम बदलली? फणी बदलली? धोटा नवीन घातला? शंभरातल्या निम्म्या वेळा तरी उत्तर तिथंच असायचं. आणि मी स्वतः तीन ठिकाणी गाडी फिरवली, एकानंही हे विचारलं नाही आणि मी पण आपणहून सांगितलं नाही की बेअरिंग बदलल्यावर त्याच संध्याकाळी दिवा लागला.

त्यानं स्कॅनर लावला. इथं एक सांगतो, ते पाचशे रुपयाचं निळं ब्लूटूथचं डबडं मिळतं ना, मोबाईलला जोडायचं, माझ्या पोरानं ते आणलेलं, त्यात काहीच आलं नव्हतं, नो फॉल्ट. कारण ती स्वस्तातली डबडी बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात, जे पी अक्षरानं सुरू होतात. ब्रेकचे कोड सी नं सुरू होतात आणि ते एबीएसच्या कॉम्प्युटरमध्ये असतात, तिथं पोचणारा स्कॅनर लागतो. त्याच्या स्कॅनरवर सी-००३५ आला. म्हणजे पुढचं डावं चाक, वेगाचा सेन्सर. मी म्हटलं सेन्सर तर नवीन टाकलाय की. तो म्हणाला, "कोड चाक सांगतो मामा, पार्ट नाही सांगत."

हे वाक्य मी घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं.

मग त्यानं मला शेजारी बसवलं, स्कॅनर माझ्या हातात दिला आणि गाडी हळू चालवायला लागला. स्क्रीनवर चार चाकांचे चार आकडे. पुढचं उजवं १८, मागचं डावं १८, मागचं उजवं १८, पुढचं डावं शून्य. वीसला गेला, तीन वीस आणि एक शून्य. बस्स, पाच मिनिटांचं काम. गाडीचा कॉम्प्युटर हेच बघत असतो, चारही चाकांचे आकडे सतत ताडून बघतो, एक शून्य आणि तीन वीस आले तर चाक जाम झालंय की सेन्सर खोटं बोलतोय हे त्याला ठरवता येत नाही, मग तो सरळ हात वर करतो, दिवा लावतो आणि एबीएस बंद करून टाकतो. ट्रॅक्शन कंट्रोल पण ह्याच चार आकड्यांवर जगतं म्हणून एक सेन्सर गेला की दोन्ही दिवे एकदम लागतात. लोक म्हणतात गाडीत दोन फॉल्ट आले, खरं तर एकच असतो.

त्यानं अजून एक शिकवलं जे मला फार पटलं. कोड पुसल्यावर दिवा किल्ली फिरवताच परत लागला तर वायर तुटली, कपलर निघाला, फ्यूज गेला असला विजेचा प्रकार. आणि किल्लीला जात असेल पण गाडी चालायला लागली की येत असेल तर वीज पोचतेय, सिग्नल येत नाही, म्हणजे चाकाकडं बघा, बेअरिंग, रिंग, मधलं अंतर, घाण. माझा दिवा पहिल्या दिवसापासून गल्ली संपेपर्यंत थांबून मगच लागत होता. पहिल्या फिटरला पण हे दिसलं असतं, बघितलं असतं तर.

चाक खोललं. नवीन बेअरिंग होतं, चांगलं होतं, आवाज नाही, प्ले म्हणजे ढिलेपणा नाही. पण उलटं बसवलेलं होतं. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाची रिंग असते, बारीक बारीक उत्तर दक्षिण उत्तर दक्षिण असे तुकडे, दिसायला दोन्ही बाजू जवळपास सारख्याच काळ्या. सेन्सर ती रिंग मोजतो. ती बाजू सेन्सरकडं यायला पाहिजे. फिटरनं प्रेस मारताना बाजू बघितली नाही, रिंग बाहेरच्या अंगाला गेली, सेन्सर बिचारा कोऱ्या लोखंडाकडं तोंड करून चार महिने बसला. वायरिंगवाल्यानं टेबलाच्या ड्रॉवरमधनं टाचणी काढली, जुन्या एका बेअरिंगला लावून दाखवली, एका बाजूला टाचणी अलगद चिकटते, दुसऱ्या बाजूला पडते. एवढीच परीक्षा. दाखवता दाखवता हेल्परला तेलुगूत काहीतरी बोलला आणि दोघं हसले, मला वाटतं त्या पहिल्या फिटरबद्दलच असणार.

प्रेस केलेलं बेअरिंग परत काढून तेच उलटं करून घालता येत नाही, काढताना त्याच्या गोळ्यांवर मार बसतो, म्हणून नवीन आणावं लागलं. बेअरिंग आणि मजुरी मिळून ३,४०० गेले. ४२,००० चं कोटेशन अजून खिशातच होतं. दिवे गेले ते गेलेच, संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या आधी झालं हे सगळं, आता पुढची संक्रांत येईल. होम मैदानाच्या रस्त्याला थोडा पाऊस पडून गेल्यावर एकदा मुद्दाम मोकळ्या जागी ब्रेक दाबून बघितला, पायाखाली धडधड आली, बरं वाटलं.

मॉड्यूल कधीच जात नाही असं माझं म्हणणं नाही. जातं, त्याच्यातला पंप जातो, आतल्या जोडण्या सुटतात. पण तो संशयितांच्या रांगेत शेवटचा आहे आणि आपल्याकडं त्याला पहिला धरतात कारण बिल मोठं होतं. त्याच्या आधी बॅटरी, फ्यूज, वायर, सेन्सर, रिंग, बेअरिंग एवढं सगळं बघायचं असतं आणि त्यातलं बरंचसं डोळ्यांनी दिसतं. सेन्सर मीटरनं तपासणाऱ्यांना पण एक सांगणं, जुन्या प्रकारचा गुंडाळीचा सेन्सर ओहमवर कळतो, हजाराच्या आसपास काहीतरी दाखवतो, पण आताचे बरेच सेन्सर इलेक्ट्रॉनिक आहेत, त्यांना ओहम लावून काही कळत नाही आणि चांगला सेन्सर गेला म्हणून फेकला जातो. दोन्ही बाजूंचे सेन्सर सारखे असतील तर डावा उजवीकडं लावून बघा ना, कोड बाजू बदलतो का ते बघा, आम्ही मागावर हेच करायचो, ह्याला शून्य रुपये लागतात.

हे झाल्यापासून मी ओळखीच्या लोकांना विचारत सुटलो (रिटायर माणसाला काय काम) आणि बघतो तर अर्ध्या लोकांच्या गाडीत काही ना काही पिवळं लागलेलंच आहे. जुळे सोलापुरातल्या एका साहेबांची ऑटोमॅटिक गाडी, ट्रॅक्शनचा दिवा, कधीकधी गिअर पार्किंगमधनं निघायचाच नाही. मी म्हटलं मागं उभा राहतो, ब्रेक दाबा. मागचे तांबडे दिवे लागलेच नाहीत. ब्रेक पेडलजवळचा छोटा स्विच, काही शेकड्यांत मिळतो. गाडीला कळतच नव्हतं की पाय ब्रेकवर आहे, त्यामुळं गिअर सोडत नव्हती आणि ट्रॅक्शनवाला पण गोंधळलेला. त्याहून भयंकर म्हणजे मागच्या गाडीवाल्याला पण कळत नव्हतं की ह्यांनी ब्रेक मारलाय. दिवा कुठला का असेना, भिंतीजवळ गाडी मागं लावून रात्री ब्रेक दाबून भिंतीवर तांबडं पडतं का बघा, त्याला मेकॅनिक लागत नाही.

दुसऱ्या एकाच्या मागच्या चाकाची वायर उंदरानं खाल्लेली, पार्किंगला शेजारी धान्याचं गोडाऊन. तिसऱ्यानं दोन टायर वेगळ्या साईजचे टाकले, स्वस्तात मिळाले म्हणून, लहान चाक जास्त फेरे घेतं आणि कॉम्प्युटरला वाटतं हे चाक घसरतंय. आणि एकाचा ट्रॅक्शनचा दिवा इंजिनच्या दिव्याबरोबर लागायचा, तो ब्रेकवाल्याकडं खेटे घालत होता आणि फॉल्ट इंजिनमध्ये होता. ट्रॅक्शन कंट्रोलला चाक घसरलं की इंजिनची ताकद कमी करायची असते, इंजिनच आजारी असेल तर इंजिनचा कॉम्प्युटर म्हणतो मला जमणार नाही, मग ते बंद होतं. अशा वेळी इंजिनचा कोड आधी काढायचा.

एका मित्राचा तर नुसता बटणाचा प्रकार. नातवानं ट्रॅक्शन ऑफचं बटण दाबलं होतं आणि हे आठवडाभर टेन्शनमध्ये. खरं तर किल्ली बंद करून चालू केली की बहुतेक गाड्यांत ते आपोआप परत चालू होतं, पण ह्यांचा नातू रोज दाबत होता. ते बटण कशाला असतं ते पण सांगतो, काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुतली की चाक फिरवून बाहेर काढायची असते आणि ट्रॅक्शन कंट्रोल बिचारं चाक फिरूच देत नाही, तेव्हा ऑफ करायचं, बाहेर निघालं की चालू. आणि चालवताना तो दिवा लुकलुकला तर घाबरू नका, त्याचा अर्थ ते काम करतंय, चाक घसरत होतं ते धरलं. सतत लागून राहिला तर फॉल्ट.

तांबडा आणि एबीएसचा पिवळा दोन्ही एकत्र लागून राहिले आणि ऑइल बरोबर, हँडब्रेक खाली, तर मात्र गंभीर. पुढच्या मागच्या चाकांना ब्रेक किती वाटून द्यायचा ते काम पण एबीएसचाच कॉम्प्युटर करतो, ते पण बंद झालेलं असू शकतं, मग जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गोल फिरते. नुसता पिवळा असेल तर साधा ब्रेक असतो, अंतर ठेवून, हळू, गॅरेजपर्यंत जाता येतं. चार महिने नाही.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे सोलापुरात आता सेकंडहँडला ज्या गाड्या फिरतायत त्यातल्या खूप गाड्यांना ते आहे. आणि ते चालू आहे का हे बघणारं कुणी नाही. पीयूसीवाला धूर बघतो, डॅशबोर्ड बघत नाही. खाजगी गाडीला आरटीओला पंधरा वर्षांनी जायचं असतं, तोपर्यंत राम राम. उरलं गॅरेज. म्हणून गॅरेजवाल्यांना आणि वर्कशॉपवाल्यांना हात जोडून एवढंच म्हणणं आहे की बिलावर चार ओळी वाढवा. गाडी आली तेव्हा कुठला दिवा, कुठला कोड. गाडी चालवून बघितल्यावर चारही चाकांचे आकडे काय. काय बदललं. आणि बदलल्यावर गाडी किमान दोन किलोमीटर चालवून परत कोड काढला का. ह्याला दहा मिनिटं लागतात, त्याचे वेगळे पैसे घ्या, मी आनंदानं देईन, वायरिंगवाल्यानं स्कॅनिंगचे तीनशे घेतले, मी पाचशे दिले. पण कोड न सांगता पार्ट बदलणं हे चालणार नाही. आणि आपण गिऱ्हाइकांनी पण तोंड उघडायचं, बिलावर कोड नाही तर पैसे देताना विचारायचं. आणि मागचं काम काय झालं होतं ते आपणहून सांगायचं, डॉक्टरला सांगतो तसं.

दिवा विझवून देतो म्हणणारे पण आहेत. आमच्या कारखान्यात नाइट शिफ्टला एक विणकर होता, त्याच्या मागाचा वेफ्ट फोर्क सारखा माग थांबवायचा. फोर्क म्हणजे बाण्याचा धागा तुटला की माग बंद पाडणारी छोटी काट्यासारखी गोष्ट. ह्यानं सुतळीनं तो बांधून टाकला. माग रात्रभर झकास चालला, एकदा पण थांबला नाही, सकाळी बघतो तर टॉवेलात दर दोन फुटाला आरपार दिसणारा पट्टा. अख्खा तागा गेला. मालकानं त्याला काही म्हटलं नाही, ती सुतळी मात्र महिनाभर ऑफिसच्या खिळ्याला टांगून ठेवली होती.

आपला,
एक जुना जॉबर,
सोलापूर

ता.क. दोन गोष्टी राहिल्या. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवा किंवा बटण दाबा, एबीएस, ट्रॅक्शन, एअरबॅग, ब्रेक सगळे दिवे एकदा लागले पाहिजेत आणि इंजिन चालू केल्यावर काही सेकंदांत गेले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर खूश होऊ नका, कुणीतरी तो मुद्दाम मारलेला असू शकतो. आणि उन्हाळ्यात सकाळी स्टार्टर जड फिरत असेल आणि त्याच वेळी हे सगळे दिवे एकदम लागत असतील तर आधी बॅटरी बघा, आपल्या उन्हात बॅटऱ्या लवकर जातात. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास व्होल्ट आणि चालू असताना १४ च्या आसपास पाहिजे, त्याच्या बरंच खाली असेल तर सेन्सरला हात पण लावू नका. बॅटरी काढून बसवल्यावर ट्रॅक्शनचा दिवा राहिला तर काही गाड्यांत स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं फिरवून थोडं अंतर चालवलं की जातो, आमच्या व्याह्यांचा गेला, ते सरळ गॅरेजला निघाले होते.